मेंढी न घेणारे सर

एका लग्नाच्या मुलीची ओटी मी स्वतःच्या हाताने भरली, तिला कुंकू लावलं, पदरात साखरेचा पुडा घातला, आणि अशा रीतीने तिचा साखरपुडा आमच्या सरांशी उरकून मी संध्याकाळच्या एसटीने नगरला परत आले. सर शेजारच्याच सीटवर शेंगदाणे खात बसले होते. त्यांना पत्ता नव्हता. मलाही नव्हता. वय वर्षं एकोणीस, दोन वेण्या, वेण्यांना नायलॉनच्या रिबिनी आणि तोंडावर सगळं कळत असल्याचा भाव. ती मुलगी आज माझ्यासमोर आली तर आधी तिचे दोन्ही कान धरीन.

मी तेव्हा कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन होते. खेळ चांगला होता म्हणून नव्हे. चढाईला गेले की मी मध्यरेषेच्या आसपासच ‘कबड्डी कबड्डी’ करत घुटमळायची आणि दम संपायच्या आत माघारी यायची. लांबून बघणाऱ्याला वाटे, पोरीचं कानातलं पडलंय. पण विद्यापीठाचे इंग्रजी फॉर्म खाडाखोड न करता भरणारी संघात मी एकटीच, म्हणून कॅप्टन.

आणि सर म्हणजे आमच्या जिमखान्याचे सर. सत्तेचाळीस वर्षांचे, लग्न न केलेले. पायात कॅनव्हासचे बूट, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, आणि प्राचार्यांकडे जायचं असेल तर त्याच चड्डीवर काळा कोट. मैदानावर रेषा आखायची पांढरी पूड असते ना, फक्की, ती त्यांच्या दोन्ही खिशांत सुटी भरलेली असायची. त्याच खिशात रुमाल. त्यामुळे शिंक आली की सरांना पांढऱ्या मिशा फुटत आणि पुढचा तास संपेपर्यंत कुणी सांगत नसे.

कबड्डीचं मैदान ते कधी मधून ओलांडत नसत. खेळ चालू नसला तरी बाहेरून वळसा घालायचे. एकदा प्राचार्य कुणा पाहुण्यांना घेऊन सरळ मैदानातून चालत आले, तर सरांनी शिट्टी मारून त्यांना बाद दिलं. पाहुणे हसले म्हणून निभावलं.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. घोटे राहत. चार वर्षांनी भेटलेल्या विद्यार्थ्याला नाव विचारायचे, पण “तुझा डावा अजून आत वळतो रे” हे न विचारता सांगायचे. मला पहिल्या दिवशी त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलंच नाही, फक्त खाली पाहिलं आणि म्हणाले, “फॉर्म भरता येतो का?”

सामना सुरू झाला की आपला खेळाडू चढाईला गेला रे गेला, सरही श्वास धरून ठेवायचे. तो परत येईपर्यंत सोडायचे नाहीत. आमचा एक पोरगा लांब दमाचा होता. त्याच्यापायी सर एकदा पुण्याच्या मैदानावर जांभळे होऊन खाली बसले, आणि पंचांना सामना थांबवून आधी त्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं.

पण सरांची खरी ख्याती शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात होती. आठवड्यातून एकदा तरी ते सायकल नाहीतर एसटी गाठून कुठल्या ना कुठल्या गावच्या बाजाराला जायचे आणि मेंढ्यांच्या नव्हे, मेंढ्या विकणाऱ्यांच्या भोवती फिरायचे.

“मास्तर, घेता का हिला? दोन दाती हाय.”

“घेत नाही. सोडा तिला.”

“आं?”

“सोडा आणि परत धरून दाखवा.”

पहिल्या बाजाराला लोकांना मौज वाटली. तिसऱ्या-चौथ्या बाजाराला ते सर दिसले की एकमेकांना हाक मारत, “आला रं, न घेनारा आला!” आणि मेंढरांच्या दोऱ्या आवळून धरत.

सरांचं म्हणणं साधं होतं. मेंढी पळायला लागली की धनगर तिच्या अंगावर झेप घेत नाही. वाकतो आणि मागचा पाय धरतो, अगदी खाली, घोट्याशी. मेंढी झटके देते, लोळते, ओढत नेते, पण तो सोडत नाही, कारण सुटली तर दिवसभर तिच्यामागे रान तुडवावं लागणार. आता कबड्डीत चढाईला आलेल्या गड्याला धरायचं म्हणजे दुसरं काय असतं? शहरातली पोरं कमरेला मिठी मारायला जातात आणि त्याच्याबरोबर फरफटत मध्यरेषेपलीकडे पोचतात. म्हणून सर आमच्या जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला, कर्जत-जामखेडकडे, माळरानावरच्या वस्त्या धुंडाळत फिरले आणि मॅट्रिक झालेली धनगरांची पोरं एकेक करून आमच्या कॉलेजात आणली. सातांतले पाच तेच. त्या पाचांनी पुण्या-नाशिकच्या कॉलेजांना असं काही लोळवलं की आमच्या कॉलेजचं नाव तिकडे पहिल्यांदाच लोकांनी नीट उच्चारलं.

मग सगळ्यांना सगळं कळायला लागलं. आमचे एक प्राध्यापक स्टाफरूममध्ये म्हणाले, “ते त्या लोकांच्या रक्तातच असतं हो.” मी नोटिशीवर सही घ्यायला तिथंच उभी होते. सर एरवी स्टाफरूममध्ये बोलत नसत. त्या दिवशी चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “रक्तात काही नसतं. त्या पोरांनी आठव्या वर्षापासून रोज मेंढरं धरलीत, उपाशीपोटी. तुम्ही धरा दहा वर्षं, तुमचंही रक्त तसंच होईल.” आणि शिंकले. पांढऱ्या मिशांनी तसेच बाहेर पडले.

मोठ्या कॉलेजांच्या जीपगाड्याही आता वस्त्यांवर फिरू लागल्या. ते वसतिगृह देऊ म्हणत, कपडे देऊ म्हणत, बूटसुद्धा देऊ म्हणत. कबड्डी अनवाणी खेळतात, पण पोरं बुटांना भुलायची. सरांकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. ते घरी जायचे, पोराच्या आईच्या हातात साखरेचा एक पुडा ठेवायचे, आणि घोंगडीवर बसून एकच वाक्य म्हणायचे, “शिकवीन, खेळवीन आणि परत तुमच्या दारात आणून सोडीन.” बाकी वेळ गप्प. जीपवाले खूप बोलत. आया सरांच्या बाजूने जात.

मुलींचा संघ मात्र सगळीकडून मार खात होता, आणि त्यात आमच्या सर्वांत दणकट मुलीचं लग्न होऊन ती बार्शीला गेली. त्याच आठवड्यात सर मिरजगावच्या बाजारातून आले ते धावतच. म्हणाले, “मुलगी आहे! एका हाताने एडका धरला. मॅट्रिक झालीय!”

ती भामा. तिच्या वडिलांचा पाय अधू झाला म्हणून त्यांनी मेंढरांमागे गावोगाव फिरणं सोडलं होतं आणि मिरजगावच्या पुढे, सडक सोडून चार मैलांवर घर बांधलं होतं. त्यामुळे ही गावातल्या हायस्कुलात जाऊ शकली, वर्गात एकटी मुलगी, आणि दुसऱ्या फटक्यात मॅट्रिक पास झाली.

पण पोरगी मागायला जायची सरांची ही पहिलीच वेळ. बायांशी बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. ते मला म्हणाले, “तू कॅप्टन आहेस. आतलं तू बघ.” आणि पुडा माझ्या हवाली केला. मी घरी सांगितल्यावर आईने नारळ आणि खण काढून दिला. म्हणाली, “पहिल्यांदा कुणाच्या घरी चाललीस, त्या माउलीची ओटी भर हो.”

त्या माउलीची. स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. पण कॅप्टनसाहेबांनी वाटेत विचार केला: खेळणार मुलगी, कॉलेजात येणार मुलगी, मग मान आईला कसला? मान मुलीचा!

वस्तीवर पोचलो. सर बाहेर भामाच्या वडिलांशी एडक्यांबद्दल बोलत बसले. मी आत. चुलीपाशी तिची आई, आत्या, शेजारच्या चार-सहा बाया. भामा दाराला टेकून उभी. उंच, काळीसावळी, मनगटं माझ्या दुप्पट. मी तिला पाटावर बसवलं. कुंकू लावलं. खण, नारळ, तांदूळ आणि वर साखरेचा पुडा, सगळं तिच्या पदरात घातलं. बाया एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, भारावल्या.

तिच्या आईने हळूच विचारलं, “ह्ये कुनाकडनं म्हनायचं?”

“आमच्या सरांकडून!” मी ठसक्यात म्हणाले.

“ते भाईर बसल्यात ते?”

“हो, तेच.”

“त्यांचं लगीन…?”

“नाही ना झालेलं! एकटेच असतात. पारनेरकडे थोडी शेती आहे, नोकरी कायम आहे.” आपल्या सरांची शिफारस करताना मी काही बाकी ठेवली नाही. “स्वभावाने फार गरीब आहेत हो.”

आत्या तडक उठून गेली. मला वाटलं, चुलीचा धूर लागला.

पाचव्या दिवशी मैदानावर फेटा बांधलेले एक गृहस्थ आले. भामाचे चुलते. त्यांनी सरांभोवती एक पूर्ण फेरी मारली, सर मेंढी विकणाऱ्यांभोवती मारत तशी, आणि विचारलं, “मग कवाचं धरायचं?”

“सामने डिसेंबरात आहेत,” सर आनंदून म्हणाले. “त्याआधी कधीही पाठवा.”

“पाठवा? तुमी वऱ्हाड घिऊन न्हाई येनार?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फक्कीने रेषा मारत होते. ती रेषा तिथून पुढे वाकडी गेली.

चुलत्यांनी मग सगळं सांगितलं, आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. भामावर तिच्या आत्याचा हक्क होता. आत्याच्या मुलाला ती लहानपणापासून सांगितलेली, आणि दिवाळीनंतर बार उडायचा होता. आता आत्या म्हणत होती, “माझा हक्क डावलून परक्याची साखर खाल्ली, आता माझ्या पोराला नको.” आणि एकदा साखरपुडा होऊन मोडलेली मुलगी दुसरं कोण करणार? बापाने तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं. पुढच्या सोमवारी चार जाणती माणसं बसणार होती.

मी रडायला लागले. सरांनी वाकडी रेषा बुटाने पुसली आणि नवी, सरळ मारली.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. लिंबाखाली घोंगड्या अंथरलेल्या. आत्या भावाकडे पाठ करून बसलेली. सर उभे राहिले, कोट घातलेला, आणि म्हणाले, “चूक माझी आहे. साखर मी पाठवली. मुलीकडे दोष नाही.”

“नाही हो, ते मीच…” मी तोंड उघडलं.

“तू गप्प बस,” सर म्हणाले. आयुष्यात एकदाच मला असे बोलले.

सर्वांत म्हाताऱ्या बाबांनी विचार केला. “साखर माघारी घ्या, म्हंजी मिटलं.”

“समद्या वस्तीला वाटली की वो,” चुलते म्हणाले. “तुमीच दोन मुठी खाल्ल्या.”

बाबांनी मिशा पुसल्या. मग दुसरे एक जण सरांकडे बघत म्हणाले, “तसं मास्तर तब्येतीनं काय वाईट न्हाईत.” सरांचा रंग फक्कीसारखा झाला. मी मनात म्हटलं, झालं, आता खरंच लग्न लावतात.

आत्या वळली. “लावा की! पोरीचं वाटूळं झालंच हाय, पुरं करा!”

तेवढ्यात दारातून भामाची आई बोलली. पुरुषांच्या बैठकीत बोलायची रीत नव्हती, म्हणून भिंतीकडे तोंड करून बोलली. “मामानं भाचीच्या वटीत साखर घातली, तर त्याला कोन साखरपुडा म्हनतं?”

“हिला मामा कुटं हाय?” बाबा म्हणाले. “तुला भाऊच न्हाई.”

“नव्हता.” ती आत गेली आणि ताटलीत कुंकू, तांदूळ आणि पेटती वात घेऊन बाहेर आली. सरळ सरांपुढे. “बसा दादा. उभ्यानं ओवाळत न्हाईत.”

सर घोंगडीवर बसले. कुंकू लावायला तिने हात पुढे केला तेव्हा त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली, देवळात चपला काढतात तशी. तिने ओवाळलं. सरांनी डोळे मिटलेले होते. सहाव्या वर्षी आईबाप गेलेला माणूस, बोर्डिंगात वाढलेला. त्यांना कुणी ओवाळल्याचं त्यांना आठवत असेल असं वाटत नाही.

बाबांनी मान हलवली. “मामाच हाय म्हटल्यावर बोलनं खुंटलं.”

पण आत्या काय सोडते! “बरं. मग आता येत्या सोमवारी लगीन. माझ्या पोराशी. पुन्यांदा कुनी काय घोळ घालायच्या आत.”

म्हणजे भामाची अब्रू वाचली आणि कॉलेज गेलं. भामा गोठ्याच्या खांबाला धरून उभी होती. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. फक्त खांबावरची बोटं पांढरी पडली होती.

सर खाकरले. मामा होऊन त्यांना पाच मिनिटं झाली असतील. “बाबा, एक विचारू? भाचीच्या लग्नाची तारीख मामाला विचारतात ना?”

“इचारत्यात की. मामाबिगर अक्षता पडत न्हाईत.”

“मग मामा म्हणतो, पदवी झाल्यावर.”

“पदवी म्हंजी किती?” आत्या किंचाळली.

“चार वर्षं. आणि तेव्हा कुणाशी, ते भाची सांगेल.”

गलका झाला. आत्या एक वर्षावर आली, मग दोन. सर चारच म्हणत बसले. ओरडले नाहीत, समजावलं नाही. नुसतं “चार.” ऊन लिंबावरून सरकून पार भिंतीवर गेलं. शेवटी बाबाच कंटाळून उठले. “ह्यो मानूस सोडायचा न्हाई. चार तर चार. आता जेवाया वाढा.”

परतीच्या एसटीत मी पुन्हा रडत होते. सर खिडकीतून बाहेर बघत होते. अर्ध्या वाटेवर मला म्हणाले, “अगं, एक पंचाईत झालीय.”

“काय सर?”

“तिचं नाव काय? माझ्या बहिणीचं. विचारायचं राहूनच गेलं.”

भामा आली. चार वर्षं खेळली. मी दोन वर्षं तिच्या शेजारी, म्हणजे तिच्या आडोशाला, खेळले. तिने घोटा धरला की समोरची मुलगी आधी ओरडायची आणि मग पडायची. पुण्याच्या मुलींनी आम्हाला पहिल्यांदा हरवलं नाही त्या दिवशी सर पुन्हा जांभळे झाले. मधे दुष्काळ पडला, तिच्या वडिलांची निम्मी मेंढरं गेली, तरी दर दिवाळीला सर कोट घालून बहिणीकडे ओवाळून घ्यायला गेलेच. आत्याच्या मुलाला चार वर्षं धीर निघाला नाही. त्याने दुसरी केली आणि आत्या म्हणे मनातून सुटली. भामा पुढे कर्जतकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि तिने आपल्या पसंतीने शाळेतल्याच गणिताच्या मास्तरांशी लग्न केलं. त्या लग्नात सर मामा म्हणून तिच्या पाठीशी उभे होते. पहिल्या मंगलाष्टकाला त्यांनी श्वास धरला. चौथ्याला मी माझ्या नवऱ्याला ढोसून पाठवलं, त्यांना धरायला.

सर गेले तेव्हा एक्याण्णव वर्षांचे होते. शेवटचे तेरा महिने भामाच्या घरी होते. दवाखान्यात विचारलं, “पेशंटचे तुम्ही कोण?” तर ती म्हणे “भाची,” आणि सही करून मोकळी होई.

तेराव्याला मी गेले होते. पंगती उठल्यावर आम्ही दोघी म्हाताऱ्या अंगणात बसलो. भामा शाळेत आयुष्यभर शुद्ध बोलली, पण माझ्याशी कधी तसं बोलली नाही. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, की अगं, माझ्या मूर्खपणाने त्या दिवशी तुझं केवढं वाटोळं होणार होतं, आठवलं की अजून अंगावर काटा येतो. ती ऐकून घेत होती. मग हसली, आणि म्हणाली:

“येडे, तू कुंकवाला बोट लावलंस तवाच मला समदं कळलं हुतं. उठून गेले असते तर तितंच मिटलं असतं. म्हटलं, आत्याच्या हितं तर जायाचंच हाय, त्यापरीस हिला वटी भरू दे.”